न्यायासन आणि पक्षाभिमान

आमच्या करडीसारख्या, मोहाडी तालुक्यातील गावी एरवी दिल्लीच्या न्यायासनाचे नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यापलीकडे क्वचितच उच्चारले जाते. परंतु २०२१ च्या डिसेंबरात त्याच न्यायासनाचा हुकूम भंडारा जिल्हा परिषदेच्या मतदानयंत्रापर्यंत येऊन पोहोचला. मतदान २१ तारखेस व्हावयाचे, आणि १५ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने फर्मावले की, इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा खुल्या गणून त्यांची निवडणूक नव्याने घ्यावी. त्या जागांचे मतदान मग १८ जानेवारी २०२२ रोजी झाले.

या हुकुमाचे मूळ ४ मार्च २०२१ च्या निवाड्यात होते. त्यात आरक्षण समूळ नाकारलेले नव्हते. आयोग नेमावा, मागासलेपणाची आकडेवारी जमवावी आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये, एवढ्याच अटी होत्या. परंतु राज्यात तेव्हा सत्तेत असलेल्या आघाडीचे अभिमानी केंद्राने आकडे दिले नाहीत म्हणून, आणि विरोधी पक्षाचे अभिमानी राज्याने बाजू नीट मांडली नाही म्हणून कंठशोष करीत असता, निवाडा न वाचलेल्या पुष्कळांच्या लेखी न्यायालयच मागासवर्गीयांचे वैरी ठरले. पुढे राज्यात सत्तापालट झाला, २० जुलै २०२२ रोजी त्याच न्यायालयाने या अटींनुसार नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल ग्राह्य धरला, आणि आयोग आम्ही नेमला म्हणून एकांनी, निकाल आमच्या अमदानीत लागला म्हणून दुसऱ्यांनी श्रेय घेतले. अटी त्याच होत्या. न्यायदेवता मात्र एकाएकी निःपक्षपाती झाली!

न्यायालयावर टीकाच करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धाला सुटकेसाठी दाद मागण्याचा अधिकारच नाही असे ज्या चार न्यायमूर्तींनी ठरविले, त्यांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निवाडा मोडीत काढला, तेव्हा मुख्य निकालपत्रांपैकी एक त्यांच्याच चिरंजीवांनी लिहिले. १९७६ च्या त्या निवाड्यावरील टीकेला न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या एकाकी भिन्नमताचा, म्हणजे युक्तिवादाचा, भक्कम आधार होता. आमच्या टीकेला आधार असतो तो बहुधा निवडणूक चिन्हाचा.

सर्वोच्च न्यायालय आपल्या अनेक निकालांची मराठी भाषांतरे संकेतस्थळावर ठेवते. आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेला एखादा निकाल लागला, तर ग्रामपंचायतीने तो छापून सूचनाफलकावर लावावा, आणि पुढाऱ्याचे भाषण ऐकण्यापूर्वी वाचकांनी तो वाचावा, एवढी माझी विनंती आहे.