मर्दानगी सोडा, आधी शुगर तपासा

विषय अवघड आहे. पण भो, कुणीतरी बोललंच पाहिजे.

माझा एक मित्र, वय ४४. लिंगाला ताठरता येईना. घरात बोलायची सोय नाही, म्हणून धुळ्याकडे हायवेला तंबू टाकून बसलेल्या 'वैद्या'ला सहा महिन्यांत बारा हजार देऊन बसला. शेवटी पायाची जखम भरेना, तेव्हा जळगावला दवाखान्यात गेला. शुगर निघाली ३४०. सहा महिन्यांपूर्वीच डॉक्टरला खरं सांगितलं असतं, तर तेव्हाच सापडली असती.

डॉक्टरांकडून समजून घेतलेलं साध्या शब्दांत सांगतो. ताठरता येते ती तिथं रक्त भरल्यामुळे. वाढलेली शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, विडी-तंबाखू यांनी रक्तवाहिन्या खराब होतात. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्रास आधी तिथं दिसतो. म्हणजे कधी कधी ही हार्ट अटॅकची काही वर्षं आधी आलेली सूचना असते. दारू, काही औषधं, कर्जाचं टेन्शन, नैराश्य हीही कारणं आहेत. पहाटे ताठरता येत असेल, तर कारण बहुतेक वेळा मनात असतं. हस्तमैथुनामुळे असं होतं, ही निव्वळ थाप.

आता आमच्या धंद्याचं. लैंगिक ताकद वाढवायच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. तरी भिंती भरल्यात, पेपरही. उमेदवारीत मी ज्या पेपरात होतो, तिथं अशा जाहिरातींची प्रूफं मीच तपासलीत. पगारही त्याच पैशातून व्हायचा. याच महाराष्ट्रात १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला चालला, 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून. त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांनी जे बोलून दाखवलं, ते बोलायला आम्ही पत्रकार आजही लाजतो. आणि आम्ही गप्प बसतो म्हणून तंबूवाल्याचं फावतं.

तीस वर्षांवरच्यांची शुगर-बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. जा, आणि डॉक्टरला खरं कारण सांगा. जमलं तर नवरा-बायको दोघं जा. मेडिकलवरून मनानं गोळी घेऊ नका. हृदयासाठी जिभेखालची गोळी घेत असाल, तर ही गोळी जिवावर बेतू शकते.

कमेंट करायला लाज वाटत असेल तर करू नका. ज्याला गरज आहे त्याला पोस्ट गुपचूप पाठवा. तेवढं पुरे.