बॅकअप झाला म्हणजे काय झालं?

परवा ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की बँकेत कॉम्प्युटर आले आणि कटकट संपली. आम्ही कतारगामला नोकरी केलेली माणसं, वाचून हसूच आलं.

1984 च्या रंगराजन समितीनंतर आधी लेजर पोस्टिंग मशीनं आली, मग नव्वदीत आमची अख्खी शाखा युनिक्सवर गेली. मी साधा बी.कॉम. तरी दिवसअखेर झाली की टेप ड्राइव्हमध्ये कार्ट्रिज सरकवायचं काम माझ्याकडे. घर्र घर्र आवाज, पडद्यावर 'बॅकअप कम्प्लीट', रजिस्टरात सही, चला घरी.

1997. दिवाळीच्या तोंडावर हार्ड डिस्क गेली. कतारगामची दिवाळी काय असते ते इथल्यांना सांगायला नको. कारखाने बंद, रत्नकलाकार सौराष्ट्रात गावी निघालेले, काउंटरवर ही रांग. नवी डिस्क बसली, टेप उतरवली, तर सगळे बॅलन्स तीन आठवडे जुने! एक म्हातारे गृहस्थ पासबुक घट्ट धरून विचारत होते, "साहेब, मारा पैसा तो छे ने?"

आधी वाटलं टेप खराब. ड्राइव्हचं हेड पुसलं, 'टेप रीटेन' देऊन पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतली. फरक शून्य. मग इंजिनियरने फोनवर 'टार टीव्ही' द्यायला सांगितलं. 'सी' दिलं की टेप लिहिली जाते, 'एक्स' दिलं की उतरते, 'टी' नुसती यादी दाखवतो : फाइलचं नाव, आकार, तारीख. यादी एकही एरर न देता आली. पण तारखा सगळ्या तीन आठवड्यांपूर्वीच्या, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली त्या दिवसापर्यंतच्या. नव्या आवृत्तीने डेटा दुसऱ्या डिरेक्टरीत नेला होता, आणि रात्रीची स्क्रिप्ट रोज इमानेइतबारे जुनीच डिरेक्टरी टेपवर उतरवत होती. वर 'कम्प्लीट'ची ओळ अशी लिहिलेली की टार नापास झाला तरी ती छापली जायचीच.

स्ट्राँगरूममधून व्हाउचरचे गठ्ठे काढले आणि चौघांनी रात्री जागून तीन आठवडे पुन्हा पोस्ट केले. पैसे कोणाचे बुडाले नाहीत, पण दोन दिवस लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

सगळे व्हेंडरला दोष देत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही. सह्या माझ्या होत्या ना! आणि ऑडिटर यायचे ते रजिस्टर पाहून टिक मारायचे. माझं स्पष्ट मत आहे, ऑडिटरने रजिस्टर मागूच नये. कोणतीही एक टेप उचलावी, दुसऱ्या मशीनवर उतरवायला लावावी आणि ट्रायल बॅलन्स जुळतो का ते बघावं. तासाभराचं काम. त्यानंतर मी दर शनिवारी यादी काढून तारखा बघायचो आणि एक कार्ट्रिज शाखेबाहेर ठेवायचो. स्टाफ चिडवायचा, "टेपवाले काका". 2006 च्या ऑगस्टात तापी शहरात शिरली तेव्हा मात्र कोणी चिडवलं नाही.

आता नातू म्हणतो, "आजोबा, सगळं क्लाउडवर आहे." मी म्हटलं, बरं, गेल्या गणपतीचा एक फोटो तिथून उतरवून दाखव. शोधतोय अजून.