दुखणं, अफू आणि भांग



या खेपेला एका वाचक भगिनीचं पत्र आधी वाचून दाखवते, कारण असं कपाट आज पुष्कळ घरांत आहे.

तिच्या सासूबाईंना कर्करोग आहे आणि तो हाडांत पसरला आहे. डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "अगं, ही तर अफू! या वयात आईला व्यसन लावायचं का?" गोळ्या कपाटात गेल्या. चार दिवसांनी धाकट्या भाऊजींनी कुठूनशी भांगेच्या तेलाची बाटली आणली. "वहिनी, हे झाडपाल्याचं आहे, याचा काही अपाय नाही." भगिनी लिहिते, "रात्री सासूबाई उशीत तोंड खुपसून कण्हतात. मी एकदा कपाटाकडे बघते, एकदा बाटलीकडे. काय देऊ?"

बाई, उत्तर आधी सांगते. बाटली बाजूला ठेवा. आजच डॉक्टरांना विचारा, मधले दिवस गोळी दिलेली नाही हे न लपवता सांगा, आणि ते सांगतील त्या मापाने गोळी सुरू करा. शक्य तर यजमानांना बरोबर न्या. त्यांची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे.

अफूचं नाव काढलं की आपल्याला धडकी भरते, आणि त्याला कारण आहे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन निजवत. त्यात किती मुलं दगावली असतील! भांगेचं तसं नाही. ती आपल्याकडे शिवरात्रीला, होळीला थंडाईतून येते. म्हणून एक विष वाटते आणि दुसरी प्रसाद. पण दुखणाऱ्या माणसाला सणावारांशी काय करायचंय? त्याला विचारायचं ते एवढंच: माप ठाऊक आहे का, आणि या दुखण्याला गुण येतो का?

मॉर्फिन हे अफूतलंच सत्त्व. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधतज्ज्ञाने ते वेगळं काढलं. त्यामुळे गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते नेमकं कळतं, आणि दुखणं वाढलं तर डॉक्टर माप बेताबेताने वाढवू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या दुखण्यासाठी एक शिडी सांगितली. थोडं दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, त्याहून जास्त असेल तर कोडीन, आणि असह्य असेल तर मॉर्फिन. तेही शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे.

आता व्यसनाचं. रोज मॉर्फिन घेणाऱ्या शरीराला त्याची सवय होते. एकदम बंद केलं तर घाम येतो, पोटात कळा येतात. म्हणून बंद करायचं तर हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पण ही शरीराची सवय म्हणजे व्यसन नव्हे. डॉक्टरांच्या नजरेखाली कर्करोगाच्या दुखण्यासाठी घेताना व्यसनाचा धोका थोडा असतो, आणि तेवढ्यासाठी माणसाला कण्हत ठेवणं योग्य नाही. मॉर्फिन लिहिलं म्हणजे शेवट जवळ आला, असंही नाही. दुखणं आवरल्यावर माणूस दोन घास जेवतो, चार शब्द बोलतो.

गोळी घरात आली की सांभाळायचं आपल्यालाच. म्हणून या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. दुखायला लागण्याची वाट बघू नका, ठरल्या वेळी द्या. दिलेली वेळ लिहा, म्हणजे "मघाशी दिली की नाही?" हा गोंधळ होत नाही. बारा तासांची गोळी असेल तर ती कुटून किंवा तोडून देऊ नका. सगळं औषध एकदम उतरतं.

बद्धकोष्ठ हमखास होतं, आणि गोळी चालू असेतो राहतं. म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक मागून घ्या. आपला हात आधी इसबगोलकडे जातो, पण इथे नुसता इसबगोल पुरत नाही. पाणी कमी प्यायलं तर तो उलट अडून बसतो. सोनामुखीचं किंवा तसं औषध डॉक्टर सांगतील. मळमळ आणि गुंगी मात्र बहुधा काही दिवसांत ओसरते.

मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा विकार असेल तर आधी सांगा. मनाने झोपेची गोळी जोडू नका. रोगी हाक मारून उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तडक दवाखाना गाठा. गोळ्या कुलपात ठेवा, आणि उरलेल्या कुणाला न देता परत करा.

मग भांगेत काहीच नाही का? आहे ना. केमोथेरपीच्या ओकाऱ्यांवर तिच्यातल्या घटकांपासून आणि त्यांच्याच धर्तीवर केलेली औषधं परदेशांत वापरतात. नसांच्या काही दुखण्यांत थोडा आराम पडलेला दिसला आहे. पण कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या जोडीला भांगेच्या अर्काचा फवारा देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा तो बिनऔषधी फवाऱ्याहून ठळकपणे सरस ठरला नाही. आणि त्या फवाऱ्याला निदान माप होतं. भाऊजींच्या बाटलीत काय आणि किती, कोण सांगणार? पोटात घेतलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात. गुण येईना म्हणून आपण आणखी चमचा देतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते, छाती धडधडते, भ्रम होतो, न्हाणीघरात पडून हाड मोडतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून असं तेल आधी दिलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कायद्याचंही बघा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही, पण तिचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. मॉर्फिनचे नियम २०१४ च्या दुरुस्तीने सोपे झाले, ते अशा रोग्यांसाठीच. तरी ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. मान्यताप्राप्त रुग्णालयांत मिळतं. संपायच्या आधीच चौकशी करा.

आता आपल्या स्वतःकडे वळू या. धुणं-भांड्यांनी धरलेली कंबर, जिन्यावर कुरकुरणारे गुडघे, यांना ही औषधं नव्हेत. अशा रोजच्या दुखण्यांवर अफूच्या जातीच्या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या, आणि १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेत लाखो घरांना त्याची झळ बसली. आपल्याकडे गुडघ्यासाठी सर्रास मिळणारी ट्रॅमॅडॉल त्याच गोत्यातली. २०१८ पासून तीही त्या १९८५ च्या कायद्याखाली आली आहे. शेजारणीला गुण आला म्हणून मागून घेऊ नका. तिथे व्यायाम, शेक, वजन आणि थोडी विश्रांतीच उपयोगी पडते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला शेवटी एवढंच सांगते. यजमानांशी वाद घालू नका. एका रात्री दोन वाजता त्यांना उठवून आईच्या उशाशी बसवा. ते आईचा हात हातात घेतील, आणि सकाळी दवाखान्यात चला असं बहुतेक तेच म्हणतील.