ट्रॉली उलार का होते?



बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर दाबते. हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. दोन चाकी ट्रॉलीचा न्याय तोच. मात्र ट्रॉली माल नीट भरूनही उलार होऊ शकते, कारण ट्रॅक्टरच्या हुकाची उंची प्रत्येक ट्रॅक्टरला वेगळी.

गाढीकाठच्या विचुंब्यासारख्या गावात ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा, असे सुगीत होतेच. आज भावकीतला लहान ट्रॅक्टर, उद्या भाड्याचा मोठा. पंधरा अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला मागे १८ इंची रिम असते, चाळीस-पंचेचाळीसच्या मोठ्याला बहुधा २८ इंची. दोघांच्या मागच्या आसाच्या उंचीत वीतभर फरक पडतो आणि हुकही बहुतेक त्याच मानाने वर-खाली असतो. पिन बसली म्हणजे जोडणी झाली, असे समजू नये.

थोडा हिशेब करू. ट्रॉलीच्या आसापासून हुकापर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि हुक हवा त्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच आहे. मग ट्रॉली दर मीटरला ५ सेंटिमीटर मागे कलते. न झोडलेल्या भाताच्या भाऱ्यांची उंच रास २ टनांची असून तिचा मध्य आसाच्या दीड मीटर वर असेल, तर तो साडेसात सेंटिमीटर मागे सरकतो आणि हुकावरचे ५० किलो वजन कमी होते. तुम्ही शहाणपणाने भारे १५ सेंटिमीटर पुढे घेऊन रचले होते, म्हणजे हुकावर मुळात १०० किलो होते. उरले ५०. आता खाचरातून रस्त्यावर चढायचे. चढ दहाला एक असला तरी आणखी १०० किलो जातात. हुक दाबायचे सोडून ट्रॅक्टरचे मागचे अंग ५० किलोने वर उचलू लागतो. चाके जागीच फिरतात. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना, त्यामुळे तेही धड पकडत नाहीत, आणि भरली ट्रॉली ट्रॅक्टरला घेऊन मागे येते. अशा वेळी मागून चालणाऱ्या बायाबापड्यांचे काय, याचा विचार करावा.

मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली लहानाला लावली की उलटे होते. ट्रॉलीचे नाक खाली जाते, हुकावर भार वाढतो, ट्रॅक्टरचे पुढचे अंग हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. त्यावर उपाय म्हणून काही जण साखळी वरच्या लिंकला किंवा आसाच्या वर बांधतात. हे कधीही करू नये. ओढ आसाच्या वरून लागली की ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर उलटा पडतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

माप घेणे अवघड नाही. सपाट जागा पाहावी, टायरांत हवा बरोबर असावी. रिकाम्या ट्रॉलीची दांडी टेकूवर ठेवून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने हौदा समतल करावा आणि जमिनीपासून दांडीच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत उंची मोजावी. मग ट्रॅक्टरच्या हुकाची. भरल्यावर टायर दबतात, म्हणून एकदा माल घालूनही पाहावे. फरक दोन-तीन बोटांचा असेल तर चालेल. जास्त असेल तर ट्रॅक्टरचा हुक वर-खाली सरकवता येतो का ते आधी पाहावे. नसेल तर ट्रॉलीच्या दांडीला तीन-चार भोकांची जाड पट्टी लावून डोळा बोल्टने वर-खाली होईल असा करून घ्यावा. काम ट्रॉली बांधणाऱ्या कारखान्यातच द्यावे. रस्त्याकडेचा वेल्डर पाच मिनिटांत डाग देतो, आणि तो डाग भर चढावर सुटतो.

हायड्रॉलिकच्या हातांवर ट्रॉली उचलून समतल करणे हा उपाय नव्हे. तेल गळले की हात खाली येतात.

चार चाकी ट्रॉलीत हुकावर भार जवळजवळ नसतो, तेव्हा तिथे उंचीचा जाच कमी. लॉकपिन आणि सुरक्षा साखळी मात्र दोन्हींना हवीच. आणि जोडणी कितीही चांगली असली तरी दांडीवर पोरे बसू देऊ नयेत.