‘बाहुले’ हा शब्द फार सोयीचा आहे

मागच्या भागाखाली अनेकांनी एकच आक्षेप नोंदवला : ‘अमेरिकेने व्हिएतनाममध्ये चुकीचा माणूस निवडला, एवढेच तिचे चुकले.’ पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी मीही एका निबंधात हेच लिहिले होते. आज ते मला साफ अमान्य आहे.

न्गो दिन्ह दिएम १९५४मध्ये दक्षिण व्हिएतनामचे पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी सम्राट बाओ दाई यांना हटवण्यासाठी त्यांनी सार्वमत घेतले. अमेरिकी सल्लागारांचे म्हणणे होते की साठ-सत्तर टक्के मते दाखवली तरी पुरे. दिएम यांनी ९८ टक्क्यांहून अधिक दाखवली. सायगावात नोंदलेले मतदार साडेचार लाखांच्या आसपास आणि पडलेली मते सहा लाखांवर! वॉशिंग्टनला हे ठाऊक होते आणि चालतही होते. जिनिव्हा करारानुसार १९५६मध्ये व्हायच्या देशव्यापी निवडणुका दिएम यांनी होऊ दिल्या नाहीत, तेही चालले. १९५७मध्ये आयझेनहॉवर त्यांच्या स्वागताला जातीने विमानतळावर गेले. १९६१मध्ये उपाध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांची तुलना चर्चिल यांच्याशी केली.

म्हणजे हुकूमशाही ही अडचण कधीच नव्हती.

८ मे १९६३ रोजी ह्यू शहरात बौद्ध ध्वजांवरील बंदीचा निषेध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. ११ जूनला थिच क्वांग डुक या भिक्षूने सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतले आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. ऑगस्टमध्ये दिएम यांचे बंधू न्हू यांच्या माणसांनी पॅगोडांवर छापे घालून शेकडो भिक्षूंना पकडले. जुलूम जुनाच होता. आता तो अमेरिकी वाचकाच्या न्याहारीच्या टेबलावर येऊन पडला होता.

याच सुमारास न्हू हनोईशी संधान बांधू पाहत होते. आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे पोलिश प्रतिनिधी मानेली यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या. आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि आपले प्रतिनिधी रामचंदर गोबर्धन यांचा ही ओळख घडवण्यात हात होता. ते बोलणे फार पुढे गेले नाही. न्हू यांना खरोखर समेट हवा होता की अमेरिकेला नुसता धाक घालायचा होता, यावर आजही वाद आहे. परंतु आश्रयदात्याला न विचारता शत्रूशी बोलणारा माणूस बाहुले कसा? दोऱ्या ओढूनही हात हलेना, तेव्हाच वॉशिंग्टनला दिएम यांचे अवगुण असह्य झाले.

२४ ऑगस्ट १९६३, शनिवार. केनेडी हायनिस पोर्टला, संरक्षणमंत्री मॅकनमारा सुट्टीवर. परराष्ट्र खात्यातील हिल्समन, हॅरिमन आणि व्हाइट हाउसमधील फॉरेस्टल यांनी राजदूत लॉज यांच्यासाठी तार तयार केली : दिएम यांनी न्हू यांना दूर करावे, तसे न झाल्यास दिएम यांनाही वाचवता येणार नाही. फोनाफोनीवर संमती गोळा झाली आणि तार रवाना झाली. एका देशाच्या राष्ट्रप्रमुखाचे भवितव्य शनिवारच्या सुट्टीत उरकले गेले. ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द ज्यांच्या जिभेवर सदैव असतो, त्यांनी ही तार एकदा अवश्य वाचावी.

१ नोव्हेंबरला सेनाधिकाऱ्यांनी बंड केले, तेव्हा सीआयएचा कोनीन पैशांची थैली घेऊन त्यांच्या मुख्यालयात बसला होता. राजवाड्याला वेढा पडल्यावर दिएम यांनी लॉज यांना दूरध्वनी करून अमेरिकेची भूमिका विचारली. लॉज यांचे उत्तर असे, की वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे साडेचार वाजले आहेत, सरकारचे मत अजून बनलेले असणे शक्य नाही. नऊ वर्षे पोसलेल्या माणसाला घड्याळ दाखवले गेले! दुसऱ्या दिवशी दोघे बंधू चिलखती गाडीत हात बांधलेल्या स्थितीत मारले गेले.

दिएम यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्यांच्या तुरुंगांत माणसे सडत होती. माझा आक्षेप ‘चुकीची निवड’ या युक्तिवादाला आहे. अमेरिकेला असा नेता हवा होता, जो तिचे ऐकेल आणि ज्याला त्याची जनताही आपला मानेल. ती व्यक्ती सायगावात सापडली नाही, कारण पहिली अट पुरी करणारा दुसरीला मुकत होता. केनेडी यांनी ४ नोव्हेंबरला स्वतःच्या ध्वनिमुद्रित टिपणात या बंडाच्या जबाबदारीचा मोठा वाटा आपल्याकडे घेतला, आणि त्या ऑगस्टच्या तारेचा उल्लेख केला. आपल्याकडचे त्यांचे चाहते मात्र अजून दिएम यांच्या स्वभावदोषांवरच थांबतात.

नंतर सायगावात सरकारे इतक्या वेगाने बदलली की त्यांची यादी परीक्षेपुरतीच पाठ होते. बंडाचे प्रमुख जनरल दुओंग व्हान मिन्ह तीन महिन्यांत पदच्युत झाले. प्रत्येक नवे सरकार आधीच्याहून दुबळे, म्हणून प्रत्येक वेळी अमेरिकी कुमक अधिक : १९६३च्या अखेरीस सुमारे १६ हजार सैनिक, १९६५च्या अखेरीस सुमारे १ लाख ८४ हजार.

मिन्ह पुन्हा एकदा राष्ट्राध्यक्ष झाले, एप्रिल १९७५मध्ये, जेमतेम दोन दिवसांसाठी. ३० तारखेला उत्तरेचे रणगाडे राजवाड्याच्या आवारात शिरले, तेव्हा शरणागती त्यांनीच जाहीर केली. अमेरिकेचा राजदूत त्याच पहाटे हेलिकॉप्टरने निघून गेला होता.