तेलाचा ठसका

तुमच्याही किचनमध्ये ऑलिव्ह ऑइलची एक बाटली असणारच. वीकेंडला पास्ता, बाकीचे दिवस नुसती शोभेला! माझ्याकडेही होती. मग बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि मी त्या बाटलीकडे एकदम औषध म्हणून बघायला लागले. लेखाचं मानधन हातात आलं त्याच संध्याकाळी पाच लिटरचा डबा उचलला. डब्यावर ऑलिव्हची हिरवीगार फांदी, शेजारी लालभडक हार्ट. अजून काय पाहिजे?

डबा मांडीवर घेऊन पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं हिंगोली, तिथून नरसी नामदेव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून नाव ऐकलं असेल तुम्ही. थेट पंजाबातून भाविक येतात इथे. आमच्यासाठी ते कयाधू नदीकाठचं आपलं गाव. रिटायर झाल्यापासून बाबा इथेच, आत्याच्या शेजारी राहतात.

आत्यानं डबा उघडला, बोटावर थेंब घेऊन चाटला.

"ह्याला ना वास, ना चव. कशाचं गं हे?"

मी रुबाबात डबा फिरवला आणि त्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. पोमेस! म्हणजे ऑलिव्ह दाबून चांगलं तेल निघून गेलं की जो चोथा उरतो, त्यातून सॉल्व्हंट वापरून काढलेलं आणि रिफाइन केलेलं तेल. वरून थोडं चांगलं तेल मिसळायचं, झालं.

"म्हंजे पेंडीचं तेल म्हण की, बाई!" आत्या म्हणाली. तिनं एका वाक्यात मला आणि माझ्या मास कम्युनिकेशनच्या डिग्रीला जागेवर बसवलं.

मग मात्र मी नीट वाचायला बसले. ऑलिव्ह तेलाचं एवढं कौतुक होतं त्याची दोन कारणं. एक, त्यातलं ओलिक ॲसिड. ते पोमेसमध्येही असतं, त्यामुळे माझा डबा अगदीच वाया गेला असं नाही. दुसरं कारण म्हणजे पॉलिफेनॉल्स, हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याची भावंडं. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइज झालं, सोप्या भाषेत खवट झालं, की धमनीच्या भिंतीत त्याचा थर जमायला मदत होते. ही मंडळी त्या खवटपणाला आवर घालतात. हा दावा बाटलीवर छापायला युरोपियन युनियननं २०१२ मध्ये परवानगी दिली, पण अटीवर: २० ग्रॅम तेलात अशी द्रव्यं निदान ५ मिलिग्रॅम हवीत. रिफायनिंगमध्ये नेमकी तीच बहुतेक निघून जातात. उरतात ती फक्त कोल्ड प्रेस केलेल्या एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये, आणि ओळखायची जिभेवर. कडवट लागतं, घशात ठसका बसतो. तो ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या द्रव्याचा. ते आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीसारखं काम करतं, असं २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे आत्याच्या बोटानं लॅबच्या आधीच रिपोर्ट दिला होता!

माणसांवरचा पुरावा? स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, प्रेडिमेड नावाचा. २०१३ मध्ये तो छापून आला, गट पाडण्यातल्या चुका निघाल्यामुळे मागे घेतला गेला आणि २०१८ मध्ये सुधारून पुन्हा छापला. भूमध्य सागरी आहाराबरोबर एक्स्ट्रा व्हर्जिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्यामुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी होते. आहाराबरोबर, बरं का. वडापाववर ओतून नाही.

"मंग आपली करडी काय वाईट हाये?" आत्याचा पुढचा प्रश्न.

मला तिच्या बाजूनं बोलायचं होतं, खरंच. हा सगळा करडईचा मुलुख. पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. आता त्याच काट्यांमुळे काढणीला माणसं मिळत नाहीत, आणि करडई हरभऱ्यापुढे मागे पडली. घाण्याच्या तेलात व्हिटॅमिन ई भरपूर असतं, तेही अँटिऑक्सिडंटच. पण करडईचं तेल म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक ॲसिड. ते कोलेस्टेरॉल खाली आणतं, पण स्वतः लवकर ऑक्सिडाइज होतं. १९६६ ते १९७३ मध्ये सिडनीत हृदयरोगी पुरुषांना लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं होतं. २०१३ मध्ये ती जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तर त्या गटात मृत्यू जास्त निघाले. वाद अजून आहे, मार्गारिनकडेही बोट दाखवलं जातं. तरी 'आपलं तेच भारी' म्हणून मला बाबांवर प्रयोग करायचा नव्हता.

गंमत म्हणजे करडईच्या बीतही पॉलिफेनॉल्स असतात. पण दाबल्यावर ती बहुतेक पेंडीत राहतात. इथलं खरं हेल्थ फूड गोठ्यात जातं!

डॉक्टरांनी बाबांना तेलाचे दिवसाला तीन चमचे ठरवून दिलेत. कोलेस्टेरॉलची गोळी चालूच आहे, ती कुठल्याही तेलासाठी बंद होणार नाही. पोमेसचा डबा आत्यानं फोडणीला घेतला ("आणलाच हाये तर"). पुढच्या खेपेला मी एक्स्ट्रा व्हर्जिनची छोटी, गडद काचेची बाटली नेली, कारण उजेडानंही हे तेल बिघडतं. ते तापवायचं नव्हतंच. आमच्याकडे जवसाच्या चटणीवर कच्चं तेल घेऊन भाकरी खायची सवय आहेच, तीच कामाला आली.

बाबांनी एक चमचा तेल चटणीत कालवलं, पहिला घास घेतला आणि खोकायलाच लागले. डोळ्यांत पाणी. आत्या तांब्या घेऊन धावली.

"काय पाजलंस गं लेकराला माझ्या?"

लेकरू सदुसष्ट वर्षांचं. मी मात्र बाटली हातात धरून खूश. या वेळी पैसे वाया गेले नव्हते.