बॅट फिरवा, पण पंखा सांभाळून!

चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडून रात्री नऊला कांदिवलीला उतरल्यावर अंगात बॅट फिरवायचा दम उरतो का? पूर्वेला साईचं केंद्र आहे, पश्चिमेला पोयसर जिमखाना आहे, पण त्या वेळी मैदान गाठणार कोण? मग उरतो तो आपला हॉल!

निनटेंडोचा ‘वी’ 2006 साली बाजारात आला आणि ड्रॉइंगरूमची मैदानं झाली. त्यातल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये टेनिस, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग आणि आपला आजचा हीरो, बेसबॉल. मॅच फक्त तीन इनिंग्जची. बॅटिंग आणि पिचिंग तुमचं. धावणं आणि फिल्डिंग मशीन स्वतःच करतं. म्हणजे दहा बाय बाराचा हॉलही चालतो. ‘वी’ आता बनत नाही, पण कुणाच्या तरी माळ्यावर तो सापडतोच.

खरी गडबड होते ती ॲक्सेसरीजमध्ये. रिमोटला लावायची प्लॅस्टिकची बॅट दिसते एकदम कूल! पण रिमोटच्या पोटातला सेन्सर ओळखतो ती फक्त हालचाल. बॅट किती लांब, त्याला पत्ताच नसतो. सगळा खेळ टायमिंगचा. उजव्या हातानं खेळताना लवकर फिरवलंत तर बॉल डावीकडे, उशिरा तर उजवीकडे. बॅटमुळे स्कोअर वाढत नाही, वाढते ती लांबी. त्यात आपले हात गल्ली क्रिकेटवर पोसलेले. सिक्सर म्हटलं की बॅट वर जाणार आणि वर असतो पंखा! बेसबॉलचा स्विंग आडवा असतो, हे हाताला आधी शिकवा.

पैसे खर्च करायचेच तर मनगटाच्या पट्ट्यावर करा. सुरुवातीचे पट्टे तुटून रिमोट टीव्हीवर आदळायला लागले, तेव्हा डिसेंबर 2006 मध्ये निनटेंडोनं सुमारे 32 लाख पट्टे बदलून द्यायचं जाहीर केलं. 2007 मध्ये रिमोटसाठी सिलिकॉनचं जाकीट आलं, तेही फुकट. कंपनीला जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

आणि एक महत्त्वाचं. वन बीएचकेत टीव्ही एकच असतो, आणि सिरियलची वेळ सोडून तो मिळवायचा तर सगळ्यांना टीममध्ये घ्यावं लागतं. नुसता रिमोट हलका असतो, आजीसुद्धा बसल्या बसल्या सिक्सर ठोकते (बेसबॉलवाले त्याला होमरन म्हणतात, म्हणू देत!). त्याला बॅट लावली की खेळ घरातल्या एकट्या पैलवानाचा होतो आणि बाकीचे सोफ्यावर अंग चोरून बसतात.

तेव्हा या वीकएण्डचा फंडा सोपा: टीपॉय बाजूला, पंखा बंद, रांगणारं पोर आतल्या खोलीत, पट्टा मनगटात घट्ट. प्लॅस्टिकची बॅट? ती शोकेसमध्ये छान दिसते!